पदराआडची अक्षरं

"काका, हितं कायतरी भरलंय बघा," घासकाम करणारा पोरगा म्हणाला आणि हातातला पॉलिश पेपर त्यानं बाजूला ठेवला.

डिकीच्या झाकणावरचे रंगाचे थर एकेक करून उतरत आले होते. वरचा पांढरा, त्याखालचा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हौसेनं मारून घेतलेला फिकट आकाशी, त्याखाली तांबूस प्रायमर आणि मग उघडा पत्रा. त्या करड्या पत्र्यावर उजव्या अंगाला, एका ओळीत, हरभऱ्याच्या डाळीएवढे तीन ठिपके दिसत होते. आजूबाजूच्या पत्र्याहून किंचित निळसर, मऊ. नख लावलं तर ओरखडा उठला. शिसं होतं. कुणीतरी कधीकाळी तिथली भोकं डाग देऊन बुजवली होती, वरून लांबी फिरवली होती, रंग चढवला होता. जवळच दोन उघडी भोकं होती, ती मात्र सगळ्यांना ठाऊक होती. त्यांत इतकी वर्षं 'पद्मिनी' हे नाव बसलेलं होतं.

आमची गाडी पद्मिनी नाही. आर. सी. बुकात ते पहिल्यापासून लिहिलेलं आहे : प्रीमियर प्रेसिडेंट, १९७३. पण आर. सी. बुक कपाटात असतं आणि लोक डिकी बघतात. गल्लीत तिला पद्मिनी म्हणत, आई फियाट म्हणे, आणि अण्णा नुसतंच 'गाडी'. माझ्यापुरती ती तीन भोकं उघडी पडेपर्यंत 'प्रेसिडेंट' ही कागदावरची नोंद होती. पत्र्यावरचे ठिपके बघितल्यावर तिला जागा मिळाली. हे नाव इथून इथपर्यंत होतं. इथे त्याचा पहिला खिळा, इथे मधला, इथे शेवटचा.

या नावाचा इतिहास फार थोडा आहे, पण मला तो पुन्हापुन्हा सांगावासा वाटतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. वालचंद १९५३ साली गेले. पुढे १९६४ मध्ये याच कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. दारांच्या पुढच्या कोपऱ्यात फिरणाऱ्या त्रिकोणी काचा, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेला, इंजिन १०८९ सीसीचं. १९७२ च्या सुमारास फियाटचं नाव उतरलं आणि त्याच गाडीला प्रेसिडेंट म्हणू लागले. १९७४ मध्ये चित्तोडच्या राणीचं नाव आलं, आणि ते शेवटपर्यंत टिकलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ते घरोघर पोचलं. ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली तेव्हा लोकांनी गलबलून लिहिलं. प्रेसिडेंट कधी आली आणि कधी गेली, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. डिलाइट आणि पद्मिनी यांच्या मधलं दोनेक वर्षांचं नाव.

म्हणून तर अडचण. क्लचप्लेट हवी असेल, ब्रेकचे रबर हवे असतील, तर आजही दुकानदार वळून फळीवरून खोकं काढून देतो. लाखो मैल टॅक्सी धावल्या, त्यांच्यासाठी माल बनत राहिला. पण टॅक्सीला नाव लागत नाही. बिडिंग लागत नाही, बंपरवरचा क्रोम लागत नाही. गाडी चालायला जे लागतं ते टिकून राहतं, आणि ज्यानं ती तीच गाडी असते ते आधी गळून पडतं. दारावरच्या पट्टीमागे पावसाचं पाणी साचतं, तिच्या चिमट्या गंजतात, एक दिवस खड्ड्यात हिसका बसतो आणि पट्टी मागच्या रस्त्यावर राहते. कुणी थांबून उचलत नाही. अक्षरं जस्ताच्या मिश्रधातूची. क्रोमला एक सुईएवढं छिद्र पडलं की आत जस्त फुलतं आणि वर पुरळ आल्यासारखे फोड उठतात. मग मालक म्हणतो, काढून टाका, वाईट दिसतंय.

आमचं नाव तसं गेलं नाही. १९८७ साली, मिरजेच्या वाटेवर, मागून एका ट्रकनं ठोकरलं. डिकीचं झाकण चेपलं. ज्या गॅरेजात दुरुस्ती झाली तिथल्या माणसानं झाकण सुरेख ठोकून सरळ केलं, ते आज पत्रा उघडा करून बघतानाही मान्य करावं लागतं. पण मोनो, म्हणजे डिकीवरचं धातूचं नाव, मोडला होता, प्रेसिडेंटचा मोनो मिळत नव्हता, पद्मिनीचा समोर होता. अण्णांना न विचारता त्यानं जुनी भोकं बुजवली आणि नवी पाडली. अण्णा डॉक्टर. दिवसभर दवाखाना, रात्री-अपरात्री खेड्यांवरच्या व्हिजिटा. त्यांना गाडी परत हवी होती, लगेच. ती मिळाली. त्यांनी तुटका मोनो कागदात गुंडाळून शेडमधल्या लाकडी पेटीत ठेवला, असं आई सांगते. "पुढंमागं मिळेल म्हणाले होते."

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा सांगलीतल्या आमच्या घरात शिरली. गाडी छतापर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर शेडचं दार ढकललं तर गाळाच्या मऊ, गुळगुळीत थराखाली ती उभी होती, कुणी मातीत घडवून ठेवल्यासारखी. पेटी गेलेली. अण्णा त्याआधी आठ वर्षं गेले होते. हे बघायला ते नव्हते याचं मला त्या दिवशी बरं वाटलं. पेटीत नटबोल्ट होते, जुने प्लग होते, दोन हेडलाइटच्या कड्या होत्या, आणि कागदात गुंडाळलेलं ते नाव.

गाडी उभी करायची, हे तेव्हाच ठरलं. इंजिनाचं, तारांचं, गादीच्या कापडाचं मी इथे सांगत नाही. ते काम कष्टाचं होतं, पण त्याला वाट होती. नावाला वाट नव्हती.

आधी शोधलं. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, शुक्रवारी भल्या पहाटे विजेरी घेऊन. एका चाचांकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नुसती नावं भरलेली होती. त्यांनी डबा चादरीवर उपडा केला. अँबॅसडर, लँडमास्टर, स्टँडर्ड, हेराल्ड, डॉज. कुणाची शेपटी मोडलेली, कुणाची पिन. मी एकेक उचलून बघत होतो आणि वाटत होतं, ही प्रत्येक वस्तू कुठल्या तरी दारात रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसली गेली असेल. पद्मिनी अकरा निघाल्या. प्रेसिडेंट एकही नाही. "दो साल का माल, साब," चाचा म्हणाले, "बना कम, टूटा सब." कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन दिवस काढले. ज्या कुर्ल्यात या गाड्या जन्मल्या तिथेच त्या तुकड्यातुकड्यांनी टांगलेल्या होत्या. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार आणि रविवार केले. तिथे दाराचं एक हँडल मिळालं, आणि एक व्हील कॅप, चेपलेली. ती कसबा पेठेत तांबट आळीत नेली. तांब्या-पितळेची भांडी मठारणारा हात पत्र्यालाही ओळखतो. आतून गोल डोक्याच्या खरवईचा आधार देऊन, बाहेरून हलक्या हातोडीचे ठोके देत त्यानं तासाभरात तिची वाटी पुन्हा गोल केली. ठोके पडत होते आणि मला बंद पडलेल्या घड्याळाला किल्ली दिल्यासारखं वाटत होतं.

नाव बनवावंच लागणार होतं. पण कशावरून?

आईनं फोटो काढला. वरच्या मजल्यावर असल्यामुळे पुरातून वाचलेला. १९८३ सालचा, नरसोबाच्या वाडीचा. दर्शन घेऊन परतताना गाडीच्या मागे आई उभी आहे, हातात प्रसादाची पुडी, वारा आलेला. डिकीवर पहिली दोन अक्षरं लख्ख दिसतात, शेवटची तीन दिसतात, आणि मधल्या चौघांवर आईचा पदर उडून आला आहे. मी भिंग घेऊन तो फोटो किती वेळा बघितला असेल! पदर बाजूला होईल असं वाटण्याइतका. आई म्हणाली, "दसऱ्याला मीच पुसायची गाडी. मधल्या एका अक्षराला फडकं अडकायचं. दोरा निघायचा." तिनं हवेत बोटानं पुसून दाखवलं, आणि बोट एका जागी थबकलं. हाताला ते अक्षर अजून आठवत होतं.

बेळगावात एका निवृत्त प्राध्यापकांकडे प्रेसिडेंट आहे असं कळलं. गेलो. गाडी विटलेली, पण डिकीवर नाव शाबूत. मी ते काढून द्या असं म्हणालो नाही आणि त्यांनीही काढू दिलं नसतं. पन्नास वर्षांच्या जस्ताची पिन ओढली की मोडते, हे आम्हा दोघांना माहीत होतं. त्यांनी चहा दिला आणि हवा तेवढा वेळ दिला. बटर पेपर ठेवून मी पेन्सिल घासली. पांढऱ्यावर करडी अक्षरं हळूहळू वर आली. ज्या अक्षरापाशी आईचं बोट थबकलं होतं तिथे खरोखरच एक बारीक टोक बाहेर आलेलं होतं. पण घासलेल्या कागदावर रुंदी येते, उंची येत नाही. अक्षराची पाठ किती फुगीर, कड किती उभी, हे कागद सांगत नाही. माझी धाकटी बहीण दातांची डॉक्टर. कवळीचं माप घ्यायला वापरतात तो सिलिकॉनचा लगदा तिनं बरोबर दिला होता, आणि कसा मळायचा तेही करून दाखवलं होतं. तो मी त्या नावावर दाबला आणि पाच मिनिटं श्वास रोखल्यासारखा उभा राहिलो. अलगद सोडवला तेव्हा त्याच्या पोटात नऊही अक्षरं उलटी उमटली होती, वरच्या ओरखड्यांसकट. प्राध्यापकांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "इतकी वर्षं आहे माझ्याकडे, पण एवढ्या जवळून मी पण आजच बघतोय."

तो साचा घेऊन मी हुपरीला गेलो. हातकणंगले तालुक्यातलं हे चांदीचं गाव. तिथल्या एका मामांनी साच्याकडे बघितलं, मेण ओतलं आणि नाव हातावर घेतलं. पिवळसर, अर्धपारदर्शक, नखानं खरवडलं तर गळून पडेल असं. मेणाची प्रतिकृती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, भट्टीत मेण वितळून जाऊ द्यायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. ही कृती कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' ग्रंथात मूर्तींसाठी नोंदवून ठेवली आहे. मेणाच्या वजनावरून धातू किती लागेल ते काढायची रीतही तिथे आहे. मामांनी हा ग्रंथ वाचलेला नाही. त्यांनी मेण काट्यावर टाकलं, नऊनं गुणलं, गळतीसाठी वर थोडं पितळ धरलं. मी बघत राहिलो.

पहिलं नाव सुरेख आलं. भोकांतलं शिसं काढून मी ते सांगलीला डिकीवर धरलं. पहिली पिन भोकात गेली. मधली जेमतेम. शेवटची काही केल्या जाईना. साडेतीन मिलिमीटर कमी पडत होते.

"पितळ थंड झालं की अंग चोरतंय," मामा फोनवर म्हणाले. "मेणबी चोरतंय. झाकणच घिऊन या हिकडं."

शंभराला साधारण दोन. साडेसतरा सेंटिमीटरच्या नावात साडेतीन मिलिमीटर. पिन वाकवून बसवता आली असती, भोक कानशीनं लांबवता आलं असतं, आणि गॅरेजमधला सल्ला तोच होता. पण ती तीन भोकं कारखान्यात पाडलेली होती. त्या गाडीवर नावाबद्दलचा तेवढाच एक पुरावा शिल्लक होता. नवीन वस्तूसाठी मूळ जागेला हात लावायचा नाही, एवढं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. टेम्पोत गादी घालून झाकण झोपवलं आणि हुपरीला नेलं.

मामांनी नवीन मेण ओतलं. नाव लपेटीदार, एक अक्षर दुसऱ्याला हात देऊन उभं. नऊ अक्षरांमध्ये आठ सांधे. त्यांनी सुरी दिव्यावर गरम केली, प्रत्येक सांधा कापला, आणि प्रत्येक फटीत केसाएवढं मेण भरलं. आठाला साडेतीन, म्हणजे एका सांध्याला अर्ध्या मिलिमीटरहून जरा कमी. अक्षरं तीच राहिली, फक्त एकमेकांपासून किंचित सरकून उभी राहिली. मग पिना मेणातच लावल्या, झाकणाच्या भोकांवर धरून. दुपारभर ते चाललं होतं. मधे त्यांची सून चहा ठेवून गेली, तो निवून गेला. या कामाचे पैसे त्यांनी चांदीच्या घुंगरांच्या मजुरीच्या हिशेबानं लावले. मी जास्त देऊ केले तर म्हणाले, "वेळ जेवढा, तेवढंच." मला आजवर भेटलेल्या मोठ्या माणसांत मी त्यांना धरतो.

पितळेचं नाव जस्ताच्या नावाहून सव्वापट भरतं. हातात घेतलं की कळतं. डिकीवर लावल्यावर कळत नाही.

क्रोमचं काम कोल्हापुरात केलं. ज्याला आपण क्रोमची चमक म्हणतो ती बरीचशी खालच्या निकेलची असते. वरचा क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. तो निकेलला काळवंडू देत नाही आणि त्याला तो निळसर थंडपणा देतो. खरं नुकसान होतं त्याआधी, बफिंगच्या चाकावर. कापडाचं चाक जोरात फिरतं आणि हात जरा जास्त वेळ रेंगाळला की कडा विरघळतात. अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होतात. बाजारात नव्यानं बनवलेले मोनो लांबूनच ओळखू येतात ते यामुळे. मी कारागिराला विनंती केली की चमक थोडी कमी आली तरी चालेल, कडा ठेवा. त्यानं ऐकलं. आईच्या फडक्याला अडकणारं ते टोक शिल्लक राहिलं.

आणखी एक गोष्ट मी आग्रहानं करून घेतली. नावाच्या पाठीमागे, पिनांच्या मधल्या सपाट जागेवर, 'हुपरी २०२३' असं कोरून घेतलं. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेनं, फिवानं, २०१२ साली एक सनद स्वीकारली. फियाटच्या जन्मगावाच्या नावानंच ती ओळखली जाते, तोरिनोची सनद. दुरुस्तीत नव्यानं घातलेला भाग ओळखू यावा अशी कायमची खूण त्यावर असावी, अशी शिफारस तिच्यात आहे. मला ती मनोमन पटते. उद्या हे नाव सुटं होऊन कुणाच्या डब्यात गेलं तर त्याला मूळ म्हणून कुणी विकू नये. ते १९७३ चं नाही. ते हुपरीच्या एका माणसाचं दुपारभराचं काम आहे आणि त्याचा मान त्यालाच मिळायला हवा.

पद्मिनीची दोन भोकं आम्ही बुजवली. तीही शिशानंच, १९८७ सारखीच. पद्मिनी हे नाव म्हणजे खोटेपणा होता असं मला आता वाटत नाही. त्या नावानं अण्णांनी चोवीस वर्षं गाडी चालवली, बाळंतपणं केली, सर्पदंशाची माणसं मागच्या सीटवर घालून मिरजेला पोचवली. तो मोनो मी जपून ठेवला आहे, आईच्या फोटोशेजारी.

गेल्या दसऱ्याला गाडी अंगणात आली. आईनं झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि फडकं घेऊन मागे गेली. आता तिला वाकवत नाही. मी खुर्ची दिली. खुर्चीत बसून तिनं पहिल्या अक्षरापासून पुसायला सुरुवात केली, आणि मधे तिचा हात अडकला. फडक्याचा एक दोरा टोकाला राहिला होता. तो तिनं सोडवून घेतला नाही.

अजून पुढच्या डाव्या चाकाची व्हील कॅप नाही आणि डाव्या दाराची पट्टी नाही. शोधतो आहे. तुमच्या माळ्यावर, जुन्या शेडमध्ये, वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत असल्या चकचकीत, बिनकामाच्या वाटणाऱ्या वस्तू असतील. एखादी पट्टी, एखादी कडी, नावाचा अर्धा तुकडा. मला द्या असं मी म्हणत नाही. त्या भंगारात घालू नका. पिन मोडलेली असली तरीसुद्धा.